हळदीला टॅग कशाला

मावशीकडे सांगलीला गेले होते. तिच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर जी फळी आहे तिच्यावर प्लास्टिकच्या एकसारख्या बरण्या ओळीने असतात, आणि आता प्रत्येक बरणीच्या झाकणावर एक पांढरा गोल स्टिकर आहे. एनएफसी टॅग, म्हणजे आत बारीक चिप असलेला, फोन टेकवला की वाचता येणारा. दादाने, म्हणजे तिच्या मुलाने, कॅनडाहून सुट्टीला येताना त्याचं अख्खं पाकीट आणलं होतं, कारण मावशीला काचबिंदू आहे आणि गेल्या काही वर्षांत कडेकडेची नजर जात जात आता मधला थोडासाच भाग उरलाय, समोरचं माणूस तिला चेहऱ्यापेक्षा आवाजावरून आधी कळतं. दादाने एक संध्याकाळ बसून सगळे टॅग चिकटवले, स्वतःचा फोन एकेका झाकणाला लावून दाखवला, फोन मोठ्याने बोलला, हळद, धनेपूड, जिरं, शेजारच्या काकूसुद्धा बघायला आल्या होत्या म्हणे. मग तो परत गेला. मी गेले तेव्हा मला दाखवायचं म्हणून मावशीने स्वतःचा फोन आणला, बोट लावून उघडला आणि पहिल्या बरणीवर टेकवला. फोन थरथरला आणि टॉकबॅकच्या, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीच्या आवाजाने सांगितलं की टॅग रिकामा आहे. दुसऱ्या बरणीला लावला, तेच. मावशीने फोन बाजूला ठेवला, बरणी उघडून नाकाशी नेली आणि म्हणाली, "हळद आहे ही. हे तर मला कळतंच की गं. यात सांगायचंय काय?"

रागाने नाही म्हणाली. खरंच विचारत होती.

टॅग रिकामा का, ते लगेच कळलं. दादाचा फोन आयफोन आहे. त्यात शॉर्टकट्स नावाचं अ‍ॅप असतं आणि २०१९ साली आयओएस १३ आल्यापासून त्यात टॅगवरून ऑटोमेशन लावता येतं, म्हणजे टॅगला फोन लावला की अमुक कर. पण हे करताना फोन टॅगमध्ये काही लिहीतच नाही. या टॅगना कारखान्यातूनच एकेक सात बाइटांचा क्रमांक दिलेला असतो, फोन फक्त तो वाचतो आणि या क्रमांकाचा टॅग दिसला की 'हळद' म्हणायचं एवढं स्वतःच्या पोटात नोंदवून ठेवतो. बरणीवरचा स्टिकर तसाच कोरा राहतो. करताना मात्र अगदी स्टिकरवर लिहिल्यासारखंच वाटतं, त्यामुळे दादाच्या लक्षात न येणं साहजिक होतं, त्याच्या हातात तर सगळं बोलत होतं. मी हे मावशीला समजावून सांगायला लागले आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती म्हणाली, "म्हणजे नंबर लावून गेला आणि वही त्याच्याकडेच राहिली."

मावशीची सगळी नोकरी तार ऑफिसात झाली, काउंटरवर. शुभेच्छांच्या तारांना तेव्हा ठरलेली वाक्यं असायची, दिवाळीचं वेगळं, लग्नाचं वेगळं, प्रत्येकाला नंबर. लोक फॉर्मवर नंबर लिहायचे, तारेतून नंबर जायचा आणि पलीकडच्या ऑफिसात तो नंबर बघून पूर्ण वाक्य लिहून काढायचे. दोन्हीकडे तोच तक्ता असला तरच हे जमतं. इथे तक्ता दादाच्या खिशातून विमानाने गेला होता. मी एवढं धडपडून सांगत होते ते तिने तिच्या कामाच्या भाषेत एका दमात सांगितलं आणि मग मला चहा टाकायला लावला.

पण तिचा पहिला प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. दुरुस्ती सोपी होती, अँड्रॉइडवर एनएफसी टूल्स किंवा तसलं कुठलंही अ‍ॅप घ्यायचं, राइटमध्ये जायचं, टेक्स्ट रेकॉर्ड म्हणजे साधा मजकूर घालायचा, टॅगला फोन लावायचा, झालं. अर्ध्या तासात सगळ्या बरण्या बोलायला लागल्या असत्या. पण हळदीच्या बरणीने 'हळद' म्हणून मावशीचं काय भलं होणार होतं? ही बाई सांगलीत जन्मली, सांगलीतच वाढली. मार्केट यार्डाच्या बाजूने रिक्षा गेली तरी हळदीचा हंगाम आहे का नाही ते तिला रिक्षात बसल्या बसल्या कळतं. लहानपणी हरिपुरात तिच्या वडिलांच्या ओळखीच्या कुणाची तरी हळदीची पेवं होती, जमिनीखालची खोल कोठारं, ती उघडली की जो दमट उग्र वास यायचा त्याचं वर्णन ती अजून करते, डोळे मिटून, आणि करताना नाक बारीक करते. धने भाजलेले का कच्चे ते तिला बरणी हलवल्यावरच्या आवाजावरून कळतं. हिंगाचं तर सोडाच. या बाईला मसाल्यांची नावं सांगणारं यंत्र आपण प्रेमाने, पैसे खर्च करून, समुद्रापलीकडून आणून देतो तेव्हा आपण नेमकं कुणाच्या स्वयंपाकघराचा विचार करत असतो? मला वाटतं आपल्याच. आपले डोळे मिटले तर आपल्याला काय सापडणार नाही, त्याची ती यादी असते. आपण बरण्यांना बघून ओळखतो, म्हणून आपल्याला वाटतं की न बघणाऱ्याला त्या ओळखूच येत नसणार.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याजवळ बसले आणि विचारलं की तुला काय काय कळत नाही, ते सांग.

हे विचारायला मला अवघडल्यासारखं झालं होतं, पण तिला अजिबात नाही. ती बोलतच सुटली. आधी तिने जे कळतं ते सांगितलं, आणि ते मला आजवर माहीत नव्हतं, मी तिच्या घरी लहानपणापासून येते तरी. मिठाच्या बरणीला रबरबँड आहे, साखरेच्या बरणीला नाही. घराच्या किल्लीला दोरा, कपाटाच्या किल्लीला दोऱ्याला गाठ. रोजच्या परकरांपैकी जाड नाड्यांचे जाडसर साड्यांवर. उशीच्या अभ्र्याच्या आतल्या बाजूला सेफ्टी पिन म्हणजे हा धुतलेला जोड. ब्रेल शिकायचं का असं तिला एकांनी सुचवलं होतं, तिने प्रयत्नही केला, पण साठी उलटल्यावर बोटांना ते ठिपके वेगवेगळे जाणवेनात, लहानपणापासून शिकलेल्यांची बोटं वेगळीच तयार होतात. मग तिने तिची स्वतःची लिपी केली, रबरबँड आणि गाठींची, आणि ती चांगली चालली होती. नोटांचं तिला कळायचं नाही, तर रिझर्व्ह बँकेचं मणी नावाचं अ‍ॅप आहे, २०२० साली आलेलं, कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते सांगतं, तेही शेजारच्या काकूंच्या मुलाने टाकून दिलंय. आणि मग हळूहळू न कळणाऱ्या गोष्टी यायला लागल्या. डोळ्यांत घालायच्या औषधांच्या दोन बाटल्या, दोन्ही पाच मिलीच्या, दोन्ही सारख्याच गुळगुळीत. बाटली उघडल्याला किती दिवस झाले, कारण महिन्याने टाकायची असते. गोळ्यांची पाकिटं, एका मापाची. कुठलं पाकीट घरपट्टीचं, कुठलं पेन्शनचं. फ्रीजमधल्या डब्यात कालचं काय आणि परवाचं काय, ते मात्र वासावरून कळतं पण उशिरा कळतं, असं ती हसत म्हणाली. आणि साड्या.

साड्यांशी येऊन थांबली थोडी. "पोत कळतो. रंग नाही कळत."

आधी औषधं घेतली. डॉक्टरांनी दोन थेंब दिलेत, एक सकाळी आणि रात्री, दुसरा फक्त रात्री, आणि दोन्हीमध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसऱ्या थेंबाने पहिला धुऊन जातो. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, हे थेंब फक्त उरलेली राखायला, त्यामुळे मावशी त्याबाबतीत कमालीची काटेकोर आहे. इतक्या छोट्या गोल बाटलीवर टॅग नीट बसत नाही, वाकला की पकडही कमी होते, म्हणून दोन प्लास्टिकच्या डब्या घेतल्या, एकेका बाटलीला एकेक घर. टॅग डबीच्या झाकणावर. बाटलीचा रबरबँड तसाच ठेवला, तो काढायचा नाही हे मी पण म्हटलं आणि ती पण, कारण फोनची बॅटरी संपते, रबरबँडची नाही.

आता लिहायचं काय. दादाने आणलेले टॅग एनटॅग २१३ जातीचे होते, त्यात वापरायला १४४ बाइट मिळतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. आपल्या देवनागरीला युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत एकेका चिन्हाला तीन लागतात, आणि चिन्ह म्हणजे नुसतं अक्षर नाही, काना वेगळा, मात्रा वेगळी, अनुस्वार वेगळा, जोडाक्षरातला पाय मोडलेला हलन्तसुद्धा वेगळा. हळद या शब्दाला नऊ बाइट. स्वयंपाकघर म्हटलं की तीस गेले. 'ज्ञा' या एका अक्षराला बारा. शिवाय टॅगमध्ये थोडी जागा हिशेबाच्या माहितीला जाते, हा रेकॉर्ड मजकुराचा आहे, इतका लांब आहे, भाषा अमुक आहे, तिथे मराठीसाठी 'एमआर' ही दोन अक्षरं घालायची असतात, बरीच अ‍ॅप्स आपण सांगितलं नाही तर इंग्रजीची घालून टाकतात. सगळं जाऊन हातात चाळीसेक चिन्हं उरतात. मी लिहिलं, सकाळी रात्री. दोन्ही डोळ्यांत एक थेंब. हेच ९९ बाइट झाले. पुढे पाच मिनिटं थांबून मगच दुसरं औषध, असं जोडायला गेले तर मावेना. मी मोठ्याने शब्द पुढेमागे करत बसले होते आणि मावशी खुर्चीत बसून ऐकत होती. म्हणाली, "दोन्ही डोळे कशाला लिहितेस, मला माहितीय की दोन डोळे आहेत. थेंब पण काढ, बाटलीत दुसरं काय असणार. सकाळ रात्र, मग पाच मिनिटं थांब. एवढंच घे." लिहून बघितलं. मावलं, आणि बाटली कधी उघडली ती तारीखसुद्धा मावली.

तीस वर्षांहून जास्त ती हेच करत होती. माणूस घाबरलेला किंवा आनंदलेला काउंटरवर यायचा, फॉर्मवर पसारा लिहिलेला असायचा आणि प्रत्येक शब्दाला पैसे. मावशी त्यांच्याबरोबर बसून शब्द कमी करायची. खात्याने तिला हे काम दिलेलं नव्हतं, तिचं काम शब्द मोजून पैसे घेणं, पण समोरच्याचे चार पैसे वाचतात तर का नाही, असं तिचं होतं. ती सांगते की लोक नेहमी जे समोरच्याला ठाऊक आहे तेच आधी लिहायचे. मुलगा मुंबईला आहे, त्याला तार करायची तर आधी लिहायचे की मी तुझे वडील बोलतोय. नाव खाली येणारच आहे, ते आधी कशाला? तिने असे किती शब्द लोकांच्या फॉर्मवरून खोडले असतील कोण जाणे. २०१३च्या जुलैत तार बंद झाली तेव्हा ती निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, टीव्हीवर शेवटच्या दिवशीच्या रांगा दाखवत होते, तिने बघितल्या नाहीत. नजर तेव्हा चांगली होती तिची.

मग मी नुसती लिहिणारी झाले आणि ती सांगणारी. गोळ्यांच्या पाकिटावर गोळीचं नाव तिला नकोच होतं, 'जेवणानंतर' हवं होतं. फ्रीजमधल्या डब्यांचं मात्र अडलं, कारण बरेच डबे स्टीलचे. हा टॅग म्हणजे आत गोल गोल फिरवलेली तार आणि मध्ये एक मिलिमीटरपेक्षाही लहान चिप, उन्हाकडे धरला तर वेटोळं दिसतं. त्यात बॅटरी नसते. फोन जवळ आला की फोनमधल्या वेटोळ्यातून जे बदलतं चुंबकीय क्षेत्र निघतं, सेकंदाला एक कोटी पस्तीस लाख साठ हजार वेळा हेलकावणारं, त्यावरच टॅगमध्ये वीज तयार होते, चिप जागी होते, चार शब्द सांगते आणि फोन दूर गेला की पुन्हा बंद. १८३१ साली फॅरेडेने दाखवलं तेच हे. पण मागे धातूचा पत्रा असला की त्या पत्र्यातही भोवरेदार प्रवाह उठतात आणि ते या क्षेत्रालाच मारून टाकतात, त्यामुळे स्टीलच्या डब्यावर साधा टॅग मुका होतो. त्याला खालून फेराइटचा, म्हणजे क्षेत्र पत्र्यापर्यंत जाऊ न देणारा थर लावलेले वेगळे टॅग मिळतात, जरा जाड आणि महाग. महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्वयंपाकघरात जा, निम्मं घर स्टीलचं असतं, तांदळाची कोठी, पिठाचे डबे, मिसळणाचा डबा, त्यामुळे आपल्याकडे कुणासाठी हे करायचं असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं. फोनचं पण तसंच. स्वस्तातल्या पुष्कळ फोनना एनएफसी नसतंच, मावशीचा आधीचा फोन तसाच होता. आणि फोनच्या पाठीवर नेमकं कुठे लागतं ते प्रत्येकाचं वेगळं, हिच्या फोनला कॅमेऱ्याच्या जरा खाली. तिने ती जागा बोटाने मोजून घेतली, कॅमेऱ्याच्या उंचवट्यापासून दोन बोटं, आणि नंतर मी बघतेय तोवर एकदासुद्धा चुकली नाही.

औषधाच्या खोक्यांबद्दल मला एक बोलायचंच आहे. २०२३च्या ऑगस्टपासून आपल्याकडे जास्त खपाच्या ३०० औषधांच्या पॅकिंगवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला, औषध खरं का बनावट ते तपासता यावं म्हणून. चांगलंच झालं. पण क्यूआर कोड वाचायला तो कुठल्या बाजूला आहे ते आधी दिसावं लागतं, फोन बरोबर अंतरावर धरावा लागतो, उजेड लागतो. मावशीने ते करून बघितलंय, खोकं फिरवून फिरवून हात दुखेपर्यंत. टॅगला फक्त स्पर्श पुरतो. वस्तू हातात आहे, फोन दुसऱ्या हातात आहे, दोन्ही एकमेकांना टेकवले, संपलं. ज्याला दिसत नाही त्याला हात असतो, आणि ही सगळी रचना हाताला धरून आहे म्हणून मला ती मनापासून आवडते. डोळ्यांच्या औषधांच्या बाटल्या बनवणाऱ्यांना हे सुचायला हवं. ज्या माणसाला हे औषध लागतं त्याची नजर कमी असणार हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असेल? आणि तरी बाटलीवरची अक्षरं मला चष्मा लावून वाचता येत नाहीत, दोन वेगळ्या औषधांच्या बाटल्या हाताला एकसारख्या लागतात. टॅग राहू दे, बुचाला एक खाच पाडली तरी चालेल.

कागदांचं काम एका दुपारीत झालं. २०१९च्या महापुरात मावशीच्या घरात पाणी शिरलं होतं, कागद वाळवायला गच्चीवर पसरले होते ते मला आठवतंय, घरपट्टीच्या पावत्यांची शाई पेन्शनच्या कागदांवर उतरलेली. तेव्हापासून सगळं वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटांत असतं, पण पाकिटं एकसारखी. त्यांच्यावर टॅग लावले. पाण्याचं या टॅगना फारसं वावडं नसतं, धातूचं असतं, त्यामुळे पुन्हा तशी वेळ आली, न येवो, तरी ते बोलतील. इथे मला एक ठरवायचं होतं. टॅगमध्ये नुसती लिंक ठेवायची आणि खरी माहिती इंटरनेटवर कुठेतरी, असंही करता येतं, मग कितीही मोठं लिहिता येतं, आपल्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवता येतं. मोह झाला. दादाने पण फोनवर तेच सुचवलं. मी नको म्हटलं. लिंक म्हणजे पुन्हा नंबरच झाला, आणि वही दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यात. ते खातं बंद पडलं, पासवर्ड विसरला, पुरात नेट गेलं, की पाकीट पुन्हा मुकं. शब्द कमी असू देत पण ते त्या पाकिटातच असावेत. कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे या चिपमध्ये लिहिलेलं दहा वर्षं टिकतं आणि एक लाख वेळा पुसून लिहिता येतं. मावशी म्हणाली दहा वर्षं पुष्कळ झाली, आणि मला त्याच्यावर काय बोलावं सुचलं नाही म्हणून मी पुढच्या पाकिटाकडे वळले.

साड्या शेवटी घेतल्या. तिनेच तशा ठेवल्या होत्या.

कपाट लोखंडी, म्हणून दारावर काही उपयोग नाही, पण साड्या मलमलच्या आणि प्लास्टिकच्या कव्हरात घालून ठेवलेल्या, तर टॅग कव्हरच्या आतून एका कागदाच्या चिठ्ठीवर चिकटवून सरकवायचा, रेशमाला गोंद लागता कामा नये. मी पहिली साडी काढली आणि म्हटलं, ही जांभळी, हिरवे काठ, लिहू? ती म्हणाली थांब, इकडे दे. मांडीवर घेतली, पदर दोन बोटांत चोळला. "ही धाकट्या वन्सांनी दिलेली, त्यांच्याकडच्या मुंजीच्या वेळी. ही जांभळी होय? मी आपली निळी समजत होते." मग दुसरी. तिसरी. पोतावरून तिला कुणी दिली, कधी नेसली, कुठे डाग पडला आणि कशाने काढला, सगळं आठवत होतं, रंग तेवढे निसटायला लागले होते, काही अगदी बरोबर, काही भलत्याच ठिकाणी. मला वाटलं होतं की इथे तरी रंग लिहायचा, कारण न कळणारं तेवढंच आहे. ती म्हणाली रंग लिही, पण तेवढाच नको. तिला माहीत असलेलंही लिहायचं होतं. इतका वेळ जी बाई ठाऊक असलेला एकेक शब्द खोडत होती ती आता सांगत होती की वन्सांचं लिही, मुंजीचं लिही. मी विचारलं, तुला तर हे पाठ आहे. ती म्हणाली, "मला गं. पण या साड्या काय मी नेसणार आहे का सगळ्या? कुणाकुणाला जातील. त्यांना कोण सांगणार?"

त्यावर मी काही बोलले नाही, लिहायला घेतलं. चाळीस चिन्हांत एक साडी बसवणं फार कठीण आहे. जांभळी, हिरवे काठ यातच निम्मी संपतात. काहींमध्ये आम्ही रंग आणि माणूस एवढंच बसवलं, काहींमध्ये रंग सोडून दिला कारण ज्याच्याकडे जाईल त्याला तो दिसेलच. एक साडी तिने बाजूला ठेवली, लिहूच दिलं नाही, का ते मी विचारलं नाही. अ‍ॅपमध्ये टॅग कायमचा लॉक करायची सोय असते, एकदा केला की तो फक्त वाचता येतो, जगात कुणालाही बदलता येत नाही, कागदांच्या पाकिटांना आम्ही तो केला होता. साड्यांना करू का म्हटलं तर ठाम नको म्हणाली. ज्याच्याकडे जाईल त्याने पुढे त्याचं काहीतरी लिहावं असं तिचं म्हणणं. मसाल्याच्या बरण्यांवरचे टॅग आम्ही सोडवून घेतले आणि तेच इथे वापरले, सगळे नाही, हळदीच्या बरणीवरचा तिने राहू दिला, दादाने हौसेने लावलाय म्हणून.

निघायच्या आधी मी तिच्या फोनवरही ते अ‍ॅप टाकून दिलं आणि कीबोर्डवर मराठीत बोलून कसं लिहायचं ते दाखवलं. तिला टॉकबॅकची सवय असल्यामुळे बटणं सापडायला फार वेळ लागला नाही, राइटच्या पानावर तेवढी अडखळते, दोनदा मागे जाऊन पुन्हा येते, पण येते. आता फ्रीजमधल्या प्लास्टिकच्या डब्यांना ती स्वतःच टॅग लावते आणि दर वेळी पुसून नवीन लिहिते. दादाच्या आयफोनवर हे आपोआप उघडत नाही, वेबची लिंक वगैरे असली तर उघडते, साध्या मजकुराला अ‍ॅप लागतं, तर त्यालाही ते डाउनलोड करायला तिनेच व्हिडिओ कॉलवर सांगितलं. परवा फोन आला होता. फेराइटवाले टॅग मिळाले का विचारत होती, पिठाच्या डब्यासाठी नको, पीठ कळतं, तर देवघरातल्या पितळी डबीसाठी, त्यात आजीची नथ आहे आणि ती कुणाला द्यायची ते तिला लिहून ठेवायचंय. आणि साड्यांसाठी मोठे टॅग हवेत म्हणाली, १४४वाले नकोत. एनटॅग २१५ येतात ५०४ बाइटांचे, २१६ येतात ८८८चे. दोन्हींच्या किमती सांगितल्या. थोडा वेळ हिशेब केला तिने, किती चिन्हं होतात विचारलं, २१६मध्ये अडीचशेच्या वर बसतील म्हटलं.

"मग तेच मागव," म्हणाली, "आणि जास्तच मागव."